एचडी ८०० एस, युटोपिया की एलसीडी-एक्स: कुणाचा आवाज कुणासाठी?

सेन्हायझर एचडी ८०० एस, फोकल युटोपिया आणि ऑडिझी एलसीडी-एक्स या तीन हेडफोनांतून एक निवडायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सर्वांत चांगला आवाज कुणाचा? या पातळीवर तो प्रश्न फार पुढे नेत नाही. बारीकसारीक तपशील तिन्हींत भरपूर ऐकू येतो. फरक आहे तो वाद्यं डोक्याभोवती कुठे उभी राहतात, ठोका कसा बसतो आणि खर्ज कुठवर उतरतो यात.

एचडी ८०० एसची खरी ताकद म्हणजे मोकळी जागा. त्याचा ५६ मिमीचा वलयाकार ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, कानापासून लांब आणि तिरका बसवलेला आहे, त्यामुळे आवाज कानात ओतल्यासारखा न वाटता समोरून आणि बाजूंनी येतो. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन कुठे, चेलो कुठे, हे बोट ठेवून दाखवता येतं. २००९ च्या मूळ एचडी ८०० मध्ये सहा किलोहर्ट्झच्या आसपास एक टोचरा उंचवटा होता. २०१६ मध्ये आलेल्या 'एस'ने तो बराच दाबला, पण ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, अजूनही उजळच आहे. खराब रेकॉर्डिंगला हा अजिबात सांभाळून घेत नाही. खर्ज स्वच्छ आहे, भरीव नाही.

युटोपियाही २०१६ चाच, पण वृत्ती उलट. त्याच्या ड्रायव्हरचा ४० मिमीचा डोम बेरिलियम या धातूचा आहे. बेरिलियम अतिशय हलकं आणि कडक असल्याने तो झटकन हलतो आणि झटकन थांबतो. पियानोची कळ दाबताना हातोडी तारेवर आदळते तो क्षण, किंवा तबल्यावर चाटीचा बोल फुटतो तो क्षण, याच्यावर ऐकावा. हळू आणि जोरात यांतलं अंतर हा इतक्या ठसठशीतपणे दाखवतो की कमी आवाजातही संगीत जिवंत राहतं. वाद्यं जिथे पसरलेली भासतात तो मंच मात्र लहान आहे, गायक अगदी जवळ येऊन गातो. मला ही जवळीक आवडते. सिम्फनी ऐकणाऱ्याला ती दाटीवाटीची वाटू शकते.

एलसीडी-एक्स प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्याचा, आहे. १०६ मिमीचा पातळ पडदा चुंबकांच्या क्षेत्रात सबंध हलतो. म्हणून बाकी दोघांचा खर्ज जिथे उतरणीला लागतो तिथे हा सरळ खाली जात राहतो. डग्ग्याची घुमक, डबल बासची सर्वांत जाड तार, इलेक्ट्रॉनिक संगीतातला पोटात जाणवणारा थर, यांत बाकीचे दोघे त्याच्या जवळ येत नाहीत. पण वरच्या मिडमध्ये, म्हणजे मधल्या सुरांच्या वरच्या भागात, खळगा आहे, त्यामुळे स्त्रीस्वर आणि व्हायोलिन किंचित मागे सरतात. इक्वलायझर, म्हणजे सुरांचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन, वापरायची तयारी असेल तर हा खळगा सहज भरता येतो, आणि मग हा हेडफोन फार वरच्या दर्जाचा होतो.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. सेन्हायझर ३३० ग्रॅम, फोकल ४९०, ऑडिझी ६१२. शेवटचा आकडा दुकानात कळत नाही, तासाभराने मानेला कळतो.

हेडफोनला ताकद पुरवणाऱ्या ॲम्पचं (ॲम्प्लिफायरचं) गणितही वेगळं आहे. इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात. एलसीडी-एक्स २० ओहमचा, युटोपिया ८० ओहमचा. दोघंही साध्या पण चांगल्या ॲम्पवर वाजतात. एचडी ८०० एस ३०० ओहमचा, त्याला व्होल्टेज लागतं. शिवाय त्याचा इम्पिडन्स खर्जात बराच वर चढतो. ज्या ट्यूब ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, त्यावर त्यामुळे त्याचा खर्ज थोडा फुगतो, आणि या हेडफोनला ते शोभतं. प्लॅनरचा इम्पिडन्स सपाट असल्याने तिथे असा काही बदल होत नाही.

माझं मत: ऑर्केस्ट्रा आणि सभागृहातली ध्वनिमुद्रणं जास्त ऐकत असाल तर सेन्हायझर. खर्ज हवा असेल आणि इक्वलायझरचं वावडं नसेल तर ऑडिझी. थोडं सगळंच ऐकणाऱ्याला, विशेषतः कंठसंगीत आणि तालवाद्यं ऐकणाऱ्याला, मी युटोपिया सुचवेन.

तिन्ही ओपन-बॅक आहेत. आतलं संगीत बाहेर आणि बाहेरचा गोंगाट आत येतो, म्हणून ऐकून बघायला शांत खोली हवी. तुलना करताना तिघांची पातळी मीटरने सारखी करून घ्या. एखादा डेसिबल जास्त असलेला हेडफोन कानाला लगेच अधिक चांगला वाटतो, आणि निवड तिथेच चुकते.