पीएचडीनंतर पुण्यात: लॅबमधली आरएशिप की घरून एआयचं काम?

पीएचडी हातात आहे, घरच्या कारणाने पुणे सोडायचं नाही आणि कायमच्या जागेची जाहिरात निघत नाही. अशा वेळी दोन वाटा दिसतात: एनसीएल, आयसर किंवा आघारकरसारख्या संशोधन संस्थेत प्रकल्पावर रिसर्च असोसिएट (आरए) होणं, नाहीतर परदेशी कंपन्यांच्या एआय मॉडेलना विज्ञान शिकवण्याचं फ्रीलान्स काम घरून करणं. माझं मत आधीच सांगते. तासाचा दर बघून ठरवू नका. वर्षाअखेर स्वतःचं म्हणून दाखवता येईल असं काय उरतं, ते बघा.

आरएचं मानधन २०२३पासून दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. अनुदान लांबलं की तेही रखडतं. फ्रीलान्सचा डॉलरमधला दर त्यापुढे भारी वाटतो, पण एखाद्या आठवड्यात कामाचा पूर येतो आणि पुढच्या आठवड्यात प्रकल्पच बंद होतो. चाचण्या देणं, लांबलचक सूचना वाचणं यांतले बरेच तास बिनपैशाचे असतात, म्हणून हिशेब त्या तासांसकट करा. परदेशी कंपनी टीडीएस कापत नाही, त्यामुळे आगाऊ कर आपणच भरायचा. आरएला प्रसूती रजा असते, फ्रीलान्समध्ये रजा म्हणजे बिनकमाईचे दिवस.

खरा फरक कामात आहे. फ्रीलान्समध्ये मॉडेलला चकवेल असा, पण एकच तपासता येण्याजोगं उत्तर असलेला प्रश्न रचायचा, तो पायरीपायरीने सोडवायचा आणि मॉडेल नेमकं कुठे घसरलं ते लिहायचं. उदाहरणार्थ, तृतीयक हॅलाइडच्या अभिक्रियेत मॉडेल उत्पादित बरोबर सांगतं, पण यंत्रणा, म्हणजे अभिक्रिया कशी घडते ते, चुकीची लिहितं: तिथे न चालणारी एसएन२. गुण कशाला द्यायचे आणि कशाचे कापायचे, हे तुम्ही ठरवायचं. २०२३मध्ये आलेल्या जीपीक्यूए या, एआय मॉडेल तपासण्यासाठीच्या प्रश्नसंचात जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे असे ४४८ प्रश्न आहेत. त्या-त्या विषयातल्या तज्ज्ञांनाही त्यांत सुमारे ६५ टक्केच यश मिळालं. इतर विषयांतल्या हुशार माणसांना, हाताशी इंटरनेट असूनही, ३४ टक्के. असा एक प्रश्न रचण्यात अर्धा दिवस सहज जातो. परीक्षेचे पेपर काढण्यात ज्यांना मनापासून रस आहे, त्यांना हे काम आवडेल. मराठीत विज्ञान समजावणाऱ्या मॉडेलचीही अशीच कसून तपासणी व्हावी, असं मला फार वाटतं.

पण या कामावर तुमचं नाव नसतं. गोपनीयतेचा करार असतो, त्यामुळे पेपर निघत नाही आणि शिफारसपत्र मिळणंही कठीण. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीत मात्र प्रकाशनं विचारतात. सैद्धांतिक भौतिकी किंवा गणितवाल्यांचं यात कमी नुकसान आहे, कारण त्यांचं संशोधन वही-लॅपटॉपवर चालू राहतं. संश्लेषण करणाऱ्या किंवा पेशी वाढवणाऱ्या माणसाची दोन वर्षं लॅबबाहेर गेली, तर हाताची सवय आणि उपकरणांवरचा वावर दोन्ही सुटतात.

वेळेचंही बघा. बरंचसं काम सवडीने करता येतं, पण कॅलिफोर्नियातली सकाळी नऊची बैठक पुण्यात उन्हाळ्यात रात्री साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला असते.

दोन्ही एकदम करायचं मनात असेल, तर आधी संस्थेचे नियम वाचा. फेलोशिपवर असताना दुसऱ्या सशुल्क कामाला बहुधा मनाई असते. प्रमुखांची लेखी परवानगी नसेल तर त्यात पडू नका. आणि लॅबमधला अप्रकाशित स्पेक्ट्रम किंवा जनुकक्रम प्रश्नात कधीही वापरू नका, ती तुमच्या एकट्याची मालमत्ता नव्हे.

प्रयोग करणाऱ्या आणि पुढे प्राध्यापक व्हायचं असलेल्या माणसाने आरएशिप घ्यावी, पण होकार देण्याआधी प्रकल्पाची किती मुदत उरली आहे ते विचारावं. सैद्धांतिक काम करणाऱ्याने, किंवा लहान मूल वा आजारी आईवडिलांमुळे ठरलेल्या वेळी लॅबला जाऊ न शकणाऱ्याने फ्रीलान्स घ्यावं. फक्त सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मगच सुरुवात करावी.