इस्तंबूलचा ग्रँड बझार: भाव करण्याआधी माल ओळखा

सोनं, गालिचे, तांब्याची भांडी आणि हाताने रंगवलेल्या बशा घ्यायच्या असतील तर इस्तंबूलचा ग्रँड बझार आजही जाण्यासारखा आहे. टी-शर्ट, पर्स, स्कार्फ, कीचेन घ्यायची असतील तर तिथे वेळ घालवू नका. तसाच माल बाजाराबाहेरच्या महमूतपाशा या रस्त्याच्या उतारावर कमी भावात मिळतो आणि तिथे खरेदीला मुख्यतः शहरातलेच लोक येतात. बाजाराला नावं ठेवणारे बहुतेक जण चुकीच्या गल्लीत चुकीची वस्तू घेऊन आलेले असतात.

जागेची माहिती थोडक्यात. सुलतान दुसऱ्या मेहमेदाच्या काळात, 1450 च्या दशकात सुरू झालेला हा छपराखालचा बाजार आज साठेक गल्ल्या आणि सुमारे 4000 दुकानांचा आहे. टी1 ट्रामने बेयाझित थांब्यावर उतरलं की दरवाजा दोन मिनिटांवर. रविवारी बंद. धार्मिक सणांनाही बंद असतो, त्यामुळे ईदच्या आसपास जाणार असाल तर तारखा आधी बघून घ्या. सकाळी दुकानं उघडता उघडता गेलात तर गर्दी नसते, दुकानदाराकडे बोलायला वेळ असतो आणि त्याची भवानी व्हायची असते. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ देऊ नये ही भावना तिथल्या जुन्या दुकानदारांमध्ये अजून पक्की आहे.

आता भाव. पहिल्या फेरीत काहीच घेऊ नका. हवी ती वस्तू तीन वेगवेगळ्या गल्ल्यांत दाखवायला सांगा, किंमत विचारा, धन्यवाद म्हणा आणि पुढे व्हा. मुख्य रस्त्यावरचा आणि आतल्या बोळातला आकडा यात किती फरक आहे ते लगेच कळतं. दुसऱ्या फेरीत सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्या जरा वर सुरुवात करा. नेहमीच्या भेटवस्तूंमध्ये तीस-चाळीस टक्के खाली आलात तर सौदा चांगला झाला म्हणायचा. तोंडाने मागितलेला भाव दुकानदाराने मान्य केला की वस्तू घ्यायचीच, हा तिथला नियम आहे. म्हणून घ्यायची नसेल तर आकडा उच्चारू नका. चहा दिला तर खुशाल प्या, त्याने खरेदीची बांधिलकी येत नाही. एक वस्तू घासत बसण्यापेक्षा तीन एकत्र घेऊन त्यांचा मिळून भाव करणं सोपं जातं, कारण दुकानदारालाही एकदाच मन मोठं करावं लागतं.

सुलतानअहमेतच्या चौकात गोड बोलून ‘आमच्या भावाचं दुकान आहे, बघायला काय जातं’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. त्याची दलाली तुमच्या बिलात मिळवलेली असते. मग तुम्ही कितीही घासलंत तरी तो थर खाली येत नाही. टूरच्या गाइडने नेलेल्या दुकानालाही बहुतेक वेळा हेच लागू पडतं.

सोन्यासाठी काल्पाकचिलार ही मुख्य गल्ली. इथे घासाघीस फक्त मजुरीवर करायची, धातूच्या भावावर नाही. 22 कॅरेटच्या बांगड्यांवर 916, 14 कॅरेटच्या दागिन्यांवर 585 असा शिक्का असतो. दागिना तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा आणि हिशोब स्वतः करा: 10 ग्रॅमच्या 14 कॅरेटच्या साखळीत शुद्ध सोनं 5.85 ग्रॅम. ते दिवसाच्या शुद्ध सोन्याच्या भावाने गुणून सांगितलेल्या किमतीतून वजा केलं की उरते ती मजुरी. साध्या बांगडीवर ती थोडी असते, नक्षीच्या आणि खड्यांच्या कामावर भरपूर, आणि कमी करून घ्यायला जागा आहे ती तिथेच. खडे असतील तर त्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे विचाराच. बिलावर वजन आणि कॅरेट दोन्ही लिहून घ्या.

गालिच्याच्या बाबतीत मात्र घाई नडते. सगळ्यात आधी तो उलटा करा. हाताने विणलेल्या गालिच्यात नक्षी मागच्या बाजूलाही जवळपास तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठी किंचित कमी-जास्त असतात. टोकाच्या झालरी बघा. त्या ताण्याच्याच, म्हणजे उभ्या धाग्यांचा शेवट असायला हव्यात. वरून शिवून लावल्या असतील तर तो मशीनचा असण्याची शक्यता मोठी, किंवा निदान दुरुस्त केलेला. मग गाठी मोजा. मागच्या बाजूला पट्टी ठेवून एक सेंटिमीटरमध्ये आडव्या किती, उभ्या किती, त्यांचा गुणाकार. इथे एक गफलत हमखास होते: तुर्की गाठ दोन ताण्यांवर बसते, त्यामुळे मागून एका गाठीचे शेजारीशेजारी दोन उंचवटे दिसतात. प्रत्येक उंचवटा गाठ म्हणून मोजला की आकडा दुप्पट होतो आणि त्याबरोबर किंमतही. हेरेके या गालिच्यांसाठी प्रसिद्ध गावाच्या बारीक रेशमी कामात एका चौरस सेंटिमीटरला 100 गाठी, म्हणजे दहा गुणिले दहा, हे चांगल्या कामाचं माप समजलं जातं. कोपऱ्यात विणलेलं ‘हेरेके’ हे नाव एकटं काहीच सिद्ध करत नाही, कारण त्या नावाच्या नकला चीनमध्येही विणल्या गेल्या आहेत.

रेशीम म्हणून चकाकणारा सुती किंवा व्हिस्कोसचा (कृत्रिम रेशमाचा) गालिचा सर्रास दाखवला जातो. एक सुटा धागा मागा आणि दुकानदारालाच जाळून दाखवायला सांगा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते, सुती आणि व्हिस्कोसला कागद जळल्याचा. जळवायला नकार दिला तर ‘रेशीम’ हा शब्द किमतीतून वजा करूनच पुढे बोला. शाल अंगठीतून ओढून दाखवणं ही रेशमाची परीक्षा नव्हे, पातळ व्हिस्कोसची शालही अंगठीतून सहज जाते. रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून लाल आणि निळ्या भागावर घासा. रुमाल रंगला तर पहिल्या सांडलेल्या पाण्याला पांढरा भाग गुलाबी होणार. कुरियरने पाठवायचा असेल तर गालिच्याच्या मागे न पुसणाऱ्या शाईने सही करा, फोटो काढा आणि मगच बांधू द्या. छोटा गालिचा घट्ट दाबून बॅगेत मावतो, तोच मार्ग उत्तम.

तांब्याची जेझवे, म्हणजे तुर्की कॉफीचं दांड्याचं भांडं, घ्यायला जाताना खिशात एक छोटं चुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर फक्त तांब्याचा मुलामा. आतून कल्हई हवी, नुसतं तांबं आतून उघडं असेल तर ती शोभेची वस्तू. दीड-दोन मिलिमीटर जाडीचं तांबं हातात जड लागतं आणि कॉफी सावकाश सगळीकडून तापते. पातळ पत्र्याच्या भांड्यात ती एका बाजूने उतू जाते. हॅन्डल रिवेटने पक्कं आहे की नुसतं डाग दिलेलं, ते हलवून बघा.

बशांच्या बाबतीत एक युक्ती पुरेशी आहे. एकाच नक्षीच्या दोन बशा शेजारी ठेवा. पाकळीची प्रत्येक रेघ तंतोतंत सारखी असेल तर ती छापील. हाताने केलेल्यात ब्रशचा जोर कमी-जास्त झालेला दिसतो. भिंगातून ठिपकेच ठिपके दिसले तर वादच नाही. इझनिक या गावचं मूळ काम स्फटिकाच्या भुकटीवर आधारलेलं असतं, म्हणून ते महाग. कुताह्या शहराचं मातीचं, स्वस्त आणि तरीही सुंदर. यातल्या कोणत्याही बशीत जेवायचं असेल तर लेपात शिसं नाही, हे स्पष्ट विचारा आणि उत्तर डळमळीत आलं तर ती भिंतीवरच लावा.

दिवे, नजरेचे निळे मणी, साबण यात फार डोकं लावू नका, एवढ्यातेवढ्यासाठी घासण्यात अर्धा दिवस जातो. मसाले मात्र इथे घेऊच नका. त्यासाठी उतरून एमिनोन्यूच्या मसाला बाजारात जा, आणि तिथेही ‘हिंदी केशर’ या नावाने ढिगात ठेवलेल्या स्वस्त मालापासून दूर राहा. ती करडईची फुलं किंवा हळद असते. खरं केशर ढिगात विकलं जात नाही. लोकुम या तुर्की मिठाईचा भाव किलोवर ठरलेला असतो, चाखून घ्या आणि हवाबंद पॅक मागा.

पैसे लिरातच द्या. युरो किंवा डॉलरमध्ये सांगितलेल्या भावात दुकानदाराचा स्वतःचा विनिमय दर लपलेला असतो. कार्ड चालवताना मशीन तुमच्या देशाच्या चलनात वळवू का विचारतं, तेव्हा नाही म्हणून लिरा निवडा, नाहीतर केलेली घासाघीस तिथेच वाया जाते. रोख दिल्यास जास्तीची सूट मागणं रास्त आहे, पण गालिचा आणि सोनं यांचं पक्कं बिल सोडू नका.

जेवाहिर बेदेस्तेनमध्ये, म्हणजे बाजाराच्या मधल्या सगळ्यात जुन्या भागात, जुनी घड्याळं, नाणी, चांदी मिळते. बघायला अप्रतिम, घ्यायला जोखमीचं. 2863 क्रमांकाच्या कायद्याने पुरातन वस्तू तुर्कस्तानाबाहेर नेता येत नाहीत. ‘शंभर वर्षांचं आहे’ ही जाहिरात तिथे किंमत वाढवते आणि तीच विमानतळावर गळ्याशी येते. जुना गालिचा किंवा भांडं घ्यायचंच असेल तर ते नेता येईल असं संग्रहालयाचं लेखी प्रमाणपत्र हातात आल्यावरच पैसे द्या. ‘काही होत नाही, न्या’ या तोंडी आश्वासनावर नाही.