गुडघ्याच्या औषधाची पुडी, 16,800 रुपयांची

आईचे गुडघे तीन वर्षांपासून दुखतात. गेल्या महिन्यात ती नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून भाजी घेऊन निघाली, तर तिशीतला एक मुलगा जवळ आला. "काकू, पाय ओढत चालता तुम्ही. माझ्या सासऱ्यांचंही असंच होतं, आता जिना चढतात." बोलणं गोड, भाजीची पिशवीसुद्धा त्यानेच उचलली. चिठ्ठीवर चार औषधांची नावं लिहिली आणि म्हणाला, माझं काही घेणं नाही, फक्त दुकान दाखवतो.

दुकान म्हणजे एका रिकाम्या गाळ्यात मांडलेल्या पंचवीसेक बरण्या. तिथल्या माणसाने पिवळट, काचेसारखा चकाकणारा एक खडा आईच्या हातावर ठेवला. "देवदाराचा चीक आहे, केदारनाथच्या वरच्या जंगलातला. वर्षातून एकदाच निघतो." भाव विचारला तर म्हणाला, 80 रुपये. कशाचे, ते त्याने सांगितलं नाही आणि आईनेही विचारलं नाही. तिला वाटलं, तोळ्याचे असतील. ती हो म्हणण्याआधीच चारही जिनसा खलबत्त्यात पडल्या होत्या. कुटून झाल्यावर वजन केलं, 210 ग्रॅम. भाव निघाला ग्रॅमचा. 16,800 रुपये!

"कुटलेला माल परत होत नाही काकू, आता हा मी कोणाला विकू?" आवाज चढला, दारात आणखी दोघे येऊन उभे राहिले. पिशवी उचलणारा तोच मुलगा तिला स्कूटरवर घरी घेऊन आला आणि वर्षाच्या गव्हासाठी ठेवलेले पैसे घेऊन गेला.

संध्याकाळी मी पुडी उघडली. रंगाऱ्याच्या डब्याला येतो तो वास, तारपीनचा. हातावर ठेवलेला खडा आईच्या बटव्यात राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन इतवारीतल्या एका जुन्या पन्सारी दुकानात गेलो. तिथल्या काकांनी खडा बोटांत चोळला, काडी लावली. काळा धूर निघाला. "गंधाबिरोजा आहे हा. 100 ग्रॅम घ्याल तर शंभराच्या आत येईल."

मला सगळ्यात जास्त राग आला तो इथे. गंधाबिरोजा काही खोटं औषध नाही. आमची आजी गळवावर त्याचाच लेप लावायची. तो येतो चीड या झाडापासून, ज्याला आयुर्वेदात सरल म्हणतात. हिमालयाच्या खालच्या उतारांवर त्याची मोठी जंगलं आहेत. खोडाला खाच पाडून चीक गोळा करतात, उत्तराखंडात त्याला लीसा म्हणतात. तो ऊर्ध्वपातित केला, म्हणजे तापवून त्याची वाफ गार केली, की तारपीनचं तेल निघतं आणि मागे बिरोजा उरतो. रंग, वार्निश, साबण यांच्या कारखान्यांना हा माल टनावारी जातो. वर्षातून एकदा निघणारी दुर्मीळ वस्तू ती नव्हेच. देवदार तर झाडच वेगळं. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही देवदारु आणि सरल ही दोन वेगळी नावं आहेत, आणि देवदाराचं औषध मुख्यतः त्याच्या लाकडापासून होतं.

त्या माणसाने पुडी दुधातून घ्यायला सांगितली होती. आमच्या ओळखीच्या वैद्य बाईंनी ती पाहताच फेकून द्यायला लावली, कारण आत काय काय कुटलं आहे हे कळायला मार्ग नाही. तारपीनचं तेल दुखऱ्या सांध्यावर चोळायची जुनी रीत आहे, पण नुसतं लावलं तर नाजूक कातडी भाजते, आणि पोटात गेलं तर ते विष आहे. कोणी प्यायला सांगितलं तर तिथून उठा.

रस्त्यात भेटलेला माणूस औषध सुचवू लागला की तो दुकानदाराचाच साथीदार आहे असं धरून चाला. भाव ग्रॅमचा, तोळ्याचा की किलोचा, हे कागदावर लिहून घ्या, आणि एकूण रक्कम कळेपर्यंत खलबत्त्याला हात लावू देऊ नका. तयार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते. आमच्या पुडीवर वर्तमानपत्राचा कागद होता, बिल तर नव्हतंच.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही नोंदवली. तिसऱ्या दिवशी गाळा रिकामा होता. आई आठवडाभर नीट जेवली नाही, माझंच चुकलं म्हणत राहिली. तुमच्या घरी असं झालं तर कृपा करून रागावू नका, आधी जवळ बसा.

परवा शेजारच्या मावशी कॉटन मार्केटहून आल्या. तिथेही त्यांना एक मुलगा भेटला होता. त्याच्याही सासऱ्यांचे गुडघे दुखायचे.