आरएक्स 100 ला घडवून घेतलेला एक्स्पान्शन चेंबर : पावसाळा आणि थंडी काढल्यावर

आमची आरएक्स 100, म्हणजे यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल, 1994 ची. मूळ सायलेन्सर खालून कुजला होता, वेल्डिंगवर वेल्डिंग झालं होतं. बाजारात मिळणारे नवे सायलेन्सर बाहेरून हुबेहूब दिसतात, पण आत काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही, आणि टू-स्ट्रोकमध्ये सगळा खेळ त्या आतल्या रचनेचाच असतो. म्हणून कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून पत्र्याचे शंकू वळवून एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे आधी रुंद आणि पुढे अरुंद होणारा धुराचा पाइप, करून घेतला. मे अखेरीस बसवला, तेव्हापासून गाडी रोजच्या वापरात आहे.

आधी एक सांगतो. आवाजासाठी हे काम करायचं असेल तर करू नका. सायलेन्सरच्या आतली पुंगळी (आवाज दाबणारी नळी) काढून जो कर्कश आवाज निघतो त्याने गाडी पळत नाही. उलट कमी वेगातली ओढ जाते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन चिकटायचीही भीती.

टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नसतो. पिस्टन खाली गेला की पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतलं धूर जायचं भोक, उघडतं, वर आला की बंद होतं. जळका धूर बाहेर पडताना त्याच्या मागोमाग थोडं ताजं पेट्रोलमिश्रणही निसटतं. धुराबरोबर दाबाची एक लाट पाइपातून पुढे धावते. पाइप रुंद होत जातो तिथून ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडर रिकामा करते. पुढे पाइप अरुंद होतो तिथून ढकलणारी लाट परत येते आणि निसटलेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये रेटते. एसटीचा कंडक्टर दारातल्या माणसाला आत ढकलून दार लावतो, तसंच.

आता हिशेब बघा. कंपनीने 98 सीसीच्या या इंजिनाची 11 अश्वशक्ती 7500 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 7500 फेऱ्यांना, सांगितली आहे. तेव्हा क्रँकची एक फेरी 8 मिलिसेकंदांत होते आणि पोर्ट साधारण अर्धी फेरी, म्हणजे 4 मिलिसेकंद उघडं असतं. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला सुमारे 500 मीटर धावते. त्या 4 मिलिसेकंदांत जाऊन-येऊन 2 मीटर, म्हणजे परतीची लाट जिथून यायची ते अंतर साधारण मीटरभर. पाइप आखूड केला की जोर वरच्या आरपीएमला सरकतो, लांब केला की खाली येतो. आमच्या फॅब्रिकेटरला गणित सांगावं लागलं नाही. "रेसला पळवायची का घाटात न्यायची?" एवढंच त्याने विचारलं आणि घाट म्हटल्यावर पुढचा पाइप लांब ठेवला.

हे तंत्र पक्कं केलं पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने, 1950 च्या दशकात. 1961 मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेत पळून गेला आणि हे ज्ञान सुझुकीपर्यंत पोचलं. पुढच्याच वर्षी सुझुकीवर तो 50 सीसीचा जगज्जेता झाला. त्यानंतरच्या जपानी टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमागे हीच विद्या आहे. आरएक्सच्या मूळ सायलेन्सरच्या पोटातही तीच कल्पना आहे, फक्त सौम्य.

वापराचा अनुभव सांगायचा तर आंबा घाटापासून सुरुवात करतो. आरएक्सला टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) नाही, त्यामुळे वेगावर सांगतो. साखरप्याकडून वर येताना तिसऱ्या गिअरला पन्नास-पंचावन्नच्या पुढे गाडी एकदम मोकळी होते, मुठीत जाणवेल इतकी. पूर्वी ज्या चढाला दुसरा टाकावा लागायचा तिथे आता तिसऱ्यावर निघते. शहरात मात्र खालचा दम कमी झालाय. बिंदू चौकाच्या गर्दीत अर्धा क्लच धरून चालावं लागतं. मायलेज पंचेचाळीसच्या आसपास होतं, ते अडतीस-चाळीसवर आलं.

कार्बोरेटरचं काम याच्याच बरोबर करायला हवं, नंतर बघू म्हणून चालत नाही. मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, दोन नंबर मोठा टाकला. फुल थ्रॉटलवर पळवून, क्लच दाबून इंजिन जागीच बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. तपकिरी हवा. पांढरट दिसला तर जेट अजून वाढवा. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे बेताचं जमवलेलं जेट रत्नागिरीला समुद्रसपाटीच्या दाट हवेत पातळ पडतं, त्यामुळे कोकणात उतरणार असाल तर सेटिंग किंचित जड, म्हणजे पेट्रोल जास्तीच्या, बाजूलाच ठेवा.

पाइपाच्या शेवटी छिद्रांची नळी आणि ग्लासवूलचा मफलर लावलाय, त्यामुळे गल्लीत कुणी वळून बघत नाही. यावर मी अडून बसलो होतो. आजारी माणूस किंवा तान्हं मूल घरात असेल त्याला आपल्या हौसेचा त्रास का? कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाजासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पुण्यात जप्त सायलेन्सरवर रोलर फिरवतात ते सगळ्यांनी पाहिलंय. मफलर असला तरी पाइप बदललेलाच आहे, एवढं ध्यानात ठेवा.

देखभाल वाढते. पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टूटीच्या (टू-स्ट्रोकच्या) तेलाने ग्लासवूल भिजतं आणि जड होतं. आवाज भसाडा झाला की बदलायचं. पावसाळ्यात वेल्डिंगच्या रेषांवर गंज धरला. खरवडून उष्णतारोधक रंग मारला, तो टिकलाय. मागचा ब्रॅकेट थरथरीने तडकला, रबराचा बुश घालून नवा केल्यावर त्रास नाही. सिलिंडरपाशी गॅस्केट मात्र दर सर्व्हिसला बघा. तिथे काळं तेल ओघळलेलं दिसलं की लाट गळतेय समजा, मग वरचा जोरही जातो.

सगळा खर्च, जेट धरून, पाच हजारांच्या आत बसला. घाट आणि मोकळा रस्ता हाच वापर असेल तर मी बिनधास्त करा म्हणेन. फक्त ऑफिस-बाजार असेल तर मूळ सायलेन्सर शोधा. चांगला मिळाला तर आतला कार्बन साफ करून, पुंगळीसकट लावा. माझा जुना सायलेन्सर मी पत्रा बदलायला दिलाय, रोजच्या वापराला तोच परत चढवणार आहे.