अंथरुणाला खिळलेल्या मायसाठी: गावातली बाई की नागपूरची एजन्सी?

लकवा मारलेली माय यवतमाळकडच्या खेड्यात आणि लेकरं पुण्याला, अशी घरं आता गावोगाव आहेत. दवाखान्यातून सुट्टी झाली की खरा प्रश्न सुरू होतो: तिचं करायचं कोणी?

नाकात नळी किंवा लघवीची पिशवी असेल, तर सुरुवातीला एजन्सीची शिकलेली बाईच हवी. नळीतून भरवताना डोकं ३० ते ४५ अंश उंच लागतं आणि नंतरही निदान अर्धा तास तसंच ठेवावं लागतं, नाहीतर अन्न फुप्फुसात जाण्याची भीती. अडचण पुढे येते. २४ तासांची ड्युटी म्हणजे एकटी बाई, परकं गाव, मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा आणि गेलेली लाईट. ती मधेच निघून गेली तर दुसरी किती तासांत येईल, हे आधीच लिहून घ्या.

गावातल्या दोघी, एक दिवसा आणि एक रात्री, हा मला जास्त टिकाऊ मार्ग वाटतो. मायचं अर्धवट फुटणारं वऱ्हाडी त्यांना कळतं, आणि शेजारपाजारची येजा असल्यानं कामावर चार डोळे राहतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र बाया वावरात जातात. तेव्हा वेचणीच्या रोजीपेक्षा जास्त द्या आणि दसऱ्याआधीच बोलून ठेवा.

ठेवण्याआधी मायची कूस बदलून दाखवायला सांगा. चादरीला धरून उचलते की हात धरून ओढते, एवढ्यात कळतं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. जागा गरम किंवा टणक लागते का, ते हातानं चाचपावं. तशी लागली तर त्याच दिवशी उपकेंद्राच्या सिस्टरला दाखवा. हे काम आशाताईंवर टाकू नका, त्यांच्याकडे हजारेक लोकवस्ती असते.

पैसे दोन्हीकडे घरचेच. सत्तरीपुढच्यांचं ५ लाखांचं आयुष्मान कार्ड भरती झाल्यावरच चालतं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळत असतील, तर ते औषधांना पुरले तरी खूप.

जमत असेल तर पहिले काही दिवस एजन्सीची बाई असतानाच गावातल्या दोघींनाही बोलवा आणि सगळं तिच्यासमोर त्यांच्या हातानं करून घ्या. एजन्सी त्यानंतरच बंद करा.