बातम्यांचं अ‍ॅप: पाचपैकी दोन तारे

दोन वर्षं पैसे भरून हे अ‍ॅप वापरतेय. पावसाचा अंदाज, बाजारभाव चोख, तक्रार नाही. पण प्रचार सुरू झाला की यांचं ताळतंत्र सुटतं. आमच्याकडच्या एका उमेदवाराने भरसभेत चुकून समोरच्याच पक्षाचं चिन्ह सांगितलं. पुढच्याच वाक्यात माफी मागून दुरुस्तही केलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. संध्याकाळी अ‍ॅपवर फक्त आठ सेकंदांची क्लिप. माफी कापलेली! रात्रीपर्यंत तीच नोटिफिकेशन पाच वेळा.

असंच २७ मार्च २०१८ ला कर्नाटकातल्या दावणगेरेत भाजपचे अमित शहा काँग्रेसच्या सिद्धरामय्यांऐवजी आपल्याच पक्षाच्या येडियुरप्पांचं सरकार सर्वांत भ्रष्ट म्हणून गेले, तेही येडियुरप्पा शेजारी बसलेले असताना. चूक लगेच सुधारली, तरी विरोधकांनी क्लिप देशभर फिरवली. मे महिन्यात तिथल्या विधानसभा निवडणुकीत १०४ जागा घेऊन भाजपच सर्वांत मोठा पक्ष ठरला.

मी गावात सूत्रसंचालन करते. घसा बसला, ऊन लागलं की जीभ घसरतेच. मुद्दाम ओकलेलं विष वेगळं, त्याला जरूर झोडा. पण पूर्ण वाक्य दाखवा. वर्गणी संपतेय, एवढं सुधारलंत तरच पुढचे पैसे भरीन.