एन्फिल्ड की स्प्रिंगफिल्ड? जुनी रायफल-मस्केट पारखताना

अमेरिकी यादवी युद्धात सर्वाधिक वापरलेल्या ठासणीच्या बंदुका या दोनच: ब्रिटिश एन्फिल्ड पॅटर्न १८५३ आणि अमेरिकी स्प्रिंगफिल्ड मॉडेल १८६१. दोन्ही टोपीच्या (निप्पल नावाच्या छोट्या नळीवर बसवलेल्या स्फोटक टोपीवर घोडा पडून दारू पेटते), दोन्हींच्या नळीत तीन चर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, व्यास ०.५७७ आणि ०.५८ इंच.

आधी आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, नाही ना, ते बघा. ठासणीचा गज तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून खूण तोंडाशी ठेवून नळीच्या लांबीला बाहेरून धरा. टोक निप्पलपाशी यायला हवं. दोन-तीन इंच अलीकडे थांबलं तर पुढे काही करू नका, बंदूक जाणकार कारागिराकडे द्या. काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटते.

मग रंग. नवखे फसतात ते इथे. स्प्रिंगफिल्डची नळी कारखान्यातूनच पांढरी, पॉलिश केलेली निघायची. एन्फिल्डची निळसर-काळी. त्यामुळे चकचकीत एन्फिल्ड म्हणजे कुणीतरी घासलेली. काही पलटणींनीही तसं केलं होतं, पण ते सिद्ध करणं अवघड, आणि विक्रेता हीच गोष्ट हमखास सांगतो. स्प्रिंगफिल्डमध्ये मात्र नुसत्या चकाकीवरून काही कळत नाही. नळीच्या मागच्या टोकाशी डावीकडे 'व्ही', 'पी' आणि गरुडाचं डोकं ठळक आहे का, लॉकप्लेटच्या, म्हणजे घोड्यामागची कळ झाकणाऱ्या बाजूच्या पट्टीच्या, कडा धारदार आहेत का, ते पाहा. अक्षरं पुसट आणि लोखंड आरशासारखं असेल तर ते बफिंग. लाकूडही तपासा: ते लोखंडाच्या किंचित वर किंवा बरोबरीने असावं. खाली गेलं असेल तर सॅंडपेपर फिरलाय. निप्पलभोवतीचे खड्डे मात्र खपवून घ्या. टोपीच्या मसाल्याचे क्षार लोखंड खातातच.

टेप लावा. एन्फिल्डची नळी ३९ इंच, स्प्रिंगफिल्डची ४०. युद्धानंतर पुष्कळ नळ्या कापल्या गेल्या. पण ३३ इंची, नळी लाकडाला दोनच कड्यांनी बांधलेली एन्फिल्ड रायफल मुळातच वेगळी होती, तिला कापलेली समजू नका.

आत बारीक दिवा सोडा. स्प्रिंगफिल्ड गुळगुळीत दिसली तर छऱ्यांसाठी कुणीतरी चर खरवडून काढलेत. एन्फिल्डमध्ये आणखी एक शक्यता असते. १८५७ नंतर हिंदी शिपायांना मुद्दाम बिनचरांची, सुमारे ०.६५ इंच व्यासाची मस्केट दिली गेली. बाहेरून ती एन्फिल्डच वाटते, फक्त बॅकसाइट, म्हणजे नेम धरायची मागची खूण, शिडीची नसून ठोकळ्याची, न हलणारी असते. ती बिघडलेली नाही, पण भाव तिचा वेगळा.

बदललेले भाग ओळखणं एन्फिल्डमध्ये सोपं. 'टॉवर' छापाच्या बर्मिंगहॅमच्या बंदुका हाताने जुळवलेल्या. परका लॉक (घोडा आणि चापाची यंत्रणा) बसवला की लाकडात फट राहते. स्प्रिंगफिल्डचे सुटे भाग एकमेकींना चपखल बसतात, त्यामुळे फट दिसतच नाही. बोल्स्टरच्या, म्हणजे निप्पल बसतं त्या नळीवरच्या उंचवट्याच्या, बाजूचा सफाईचा स्क्रू शोधा. १८६३ च्या मॉडेलात तो काढून टाकला, म्हणून 'स्प्रिंगफिल्ड १८६२' कोरलेल्या लॉकपुढे स्क्रू नसलेली नळी असेल तर जोडकाम समजा.

घोडा अर्धा चढवून, अंगठ्याने धरूनच, चाप ओढा. सुटू लागला तर आतला खाचा झिजलाय. दुरुस्त होतो, पण तेवढे पैसे कापून घ्या.

भाव सारखा असेल तर आम्ही तपकिरी पडलेली, न घासलेली एन्फिल्ड उचलू. तिच्यातली लबाडी निदान दिसते. भारतात घेत असाल तर झाडता येण्याजोग्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभरी ओलांडलेली बंदूक खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.